आवृत्तीची जबानी आणि दप्तराची नोंद

संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्रॅम वरकरणी स्वयंपूर्ण दिसत असला, तरी वस्तुतः तो क्वचितच तसा असतो. पडद्यावर अक्षर उमटविणे, स्मृतीतील जागा मागून घेणे व काम उरकल्यावर ती परत करणे, तारखांची वजाबाकी करणे, अशी शेकडो किरकोळ कामे तो स्वतः न करता त्या यंत्रावर आधीच वस्तीला असलेल्या एका सामायिक यंत्रणेवर सोपवितो, आणि या यंत्रणेलाच त्या व्यवसायातील लोक 'रनटाइम' म्हणतात. ही यंत्रणा दर एक-दोन वर्षांनी नवे रूप धारण करते, तिच्यात नव्या शक्ती येतात, जुने काही दोष जातात आणि क्वचित काही जुन्या सवयीही जातात; त्यामुळे कामाला आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमला, किंवा त्याची स्थापना करणाऱ्या प्रोग्रॅमला, एक प्रश्न विचारणे प्राप्त होते: या यंत्रावर रनटाइम आहे काय, आणि असल्यास कोणत्या आवृत्तीचा? हा प्रश्न विचारण्याच्या रीतीला आता अर्धशतकाचा इतिहास आहे. संगणकाच्या मोठ्या शोधांची वृत्ते लिहिणारे या रीतीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. परंतु कोणाची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, आणि साक्ष बिघडली म्हणजे कारभार कशाच्या आधारे चालवावा, या सनातन प्रश्नांचा एक अर्वाचीन अध्याय म्हणून तो मला अत्यंत मोलाचा वाटतो.

या रीतीचा एक आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडतो. तेथील मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम' नावाची व्यवस्था रचण्यास प्रारंभ केला. प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरात जो जो फेरफार होईल तो क्रमवार नोंदून ठेवणे हे तिचे मुख्य काम होते. तथापि मूळ मजकुराचे एकदा यंत्रभाषेत रूपांतर झाले, की तयार होणारी फाइल माणसाच्या डोळ्यांना अगम्य होते, आणि ती मजकुराच्या कोणत्या आवृत्तीपासून निघाली हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. यावर योजिलेला उपाय साधा आणि सुंदर होता. ॲट, डावा कंस, हॅश आणि उजवा कंस ही चार चिन्हे या क्रमाने सहसा कोठेच एकत्र येत नाहीत. ती मजकुरात घालून त्यांच्यापुढे आवृत्तीचा क्रमांक लिहावयाचा, म्हणजे तो क्रमांक यंत्रभाषेतील फाइलमध्येही जसाच्या तसा उतरतो, आणि या व्यवस्थेच्या परिवारातील 'व्हॉट' नावाची आज्ञा ती फाइल चाळून त्या चार चिन्हांपुढचा मजकूर छापून दाखविते. फाइल चालवावी लागत नाही. तिच्या अंगावरचा शिक्काच वाचला जातो, आणि शिक्का मारणारा ती फाइल घडविणारा कारागीरच असल्यामुळे त्याच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. पुढे जे जे घोटाळे झाले ते पाहिले म्हणजे आरंभीच्या या सचोटीचे मोल अधिक कळते.

घराघरांत व कचेऱ्याकचेऱ्यांत शिरलेल्या लहान संगणकांवर मात्र ही विचारपूस वेगळ्या मार्गाने गेली. मायक्रोसॉफ्टच्या डॉस या कार्यप्रणालीची दुसरी आवृत्ती मार्च १९८३ मध्ये निघाली, आणि तिच्यात षोडशमान पद्धतीने ३० या क्रमांकाने ओळखली जाणारी एक सेवा नव्याने देण्यात आली: प्रोग्रॅमने ती मागताच डॉस आपला मुख्य आणि गौण आवृत्ती-क्रमांक सांगे. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांना हा प्रश्नच ठाऊक नव्हता. त्यांना तो विचारला असता उत्तराच्या जागी शून्य परत येई, आणि शून्य आले की समोर पहिल्या पिढीचे डॉस आहे असे समजावयाचे, असा संकेत रूढ झाला. येथवर सारे ठीक होते. पण प्रश्न विचारणाऱ्यांनी उत्तराचा जो उपयोग केला, त्यात पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ आहे. आपल्याला आवश्यक असलेली किमान आवृत्ती मिळाली की समाधान मानावे, हा विवेक सोडून अनेक प्रोग्रॅमकर्त्यांनी आपण ज्या आवृत्तीवर काम तपासून पाहिले तीच नेमकी समोर असली पाहिजे, अशी अट घातली. परिणामी डॉसची अधिक समर्थ आवृत्ती आली की हे प्रोग्रॅम चालण्याचे नाकारीत, वास्तविक तीवर ते निर्वेध चालू शकले असते.

जून १९९१ मध्ये डॉसची पाचवी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा तिच्याबरोबर 'सेटव्हर' नावाचे एक साधन आले, आणि या इतिहासातील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी घटना तीच आहे. या साधनाजवळ एक तक्ता असे. त्यात प्रोग्रॅमचे नाव आणि त्याच्यापुढे त्या प्रोग्रॅमला सांगावयाची आवृत्ती लिहिलेली असे, आणि त्या नावाच्या प्रोग्रॅमने विचारणा केली की डॉस आपली खरी आवृत्ती बाजूस ठेवून तक्त्यातील आवृत्ती सांगे. म्हणजे कार्यप्रणालीने, आपल्या आश्रयास आलेल्या हट्टी प्रोग्रॅमांचे काम अडू नये एवढ्यासाठी, रीतसर असत्य बोलण्याची व्यवस्था करून ठेविली! आणि ज्यांना खरे कळणे अगत्याचे होते त्यांच्यासाठी त्याच आवृत्तीत एक निराळी सेवा ठेवण्यात आली, जी तक्त्याकडे न पाहता खरा क्रमांक सांगे. एकाच गोष्टीची दोन उत्तरे, एक लौकिक आणि एक प्रामाणिक, अशी विभागणी येथे प्रथमच इतक्या उघडपणे झाली. आणि माझ्या मते तिचा दोष डॉसच्या कर्त्यांकडे लवमात्र जात नाही. साक्षीदाराला सत्य बोलणे अशक्य करून ठेवणाऱ्या प्रश्नकर्त्यांकडेच तो जातो.

विंडोजच्या राज्यातही हीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम आकाराने लहान असत, कारण त्यांचा रनटाइम वेगळ्या फाइलमध्ये असे. आणि त्या फाइलच्या नावातच आवृत्ती गोवलेली होती. पहिल्या आवृत्तीची 'व्हीबीरन१००', दुसरीची 'व्हीबीरन२००', तिसरीची 'व्हीबीरन३००', अशी ती नावे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर प्रोग्रॅमांची देवघेव करणाऱ्या त्या पिढीला तोंडपाठ असत. विंडोजच्या 'सिस्टिम' फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल आहे किंवा नाही एवढे पाहिले की तपास पुरा होई. नाव वेगळे असल्यामुळे तिन्ही आवृत्त्या एकाच घरात कलहाविना नांदत. परंतु 'डीएलएल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इतर असंख्य सामायिक फाइलींनी हे पथ्य पाळले नाही. आवृत्ती बदलली तरी नाव तेच राहिले, आणि एखाद्या जुन्या प्रोग्रॅमची स्थापना करताना त्याच्या जुन्या फाइलीने नवीन फाइल पुसून टाकावी, व त्यासरशी तीवर अवलंबून असलेले दुसरेच चार प्रोग्रॅम बंद पडावेत, हा प्रकार नित्याचा झाला. व्यवसायातील लोकांनी त्यास 'डीएलएल हेल' हे नाव दिले, आणि ज्यांनी तो नरक भोगला त्यांना ते अतिशयोक्त वाटत नसे. फाइलच्या अंगी आवृत्तीची नोंद ठेवण्याची सोय विंडोजमध्ये तेव्हाही होती. स्थापना करणाऱ्याने ती वाचून, जुनी फाइल नवीवर घालू नये, एवढीच अपेक्षा होती, आणि तेवढीही अनेकांनी पुरी केली नाही.

विंडोज ९५ ची गोष्ट तर सेटव्हरच्याही पुढची आहे. ती वस्तुतः चौथी आवृत्ती. पण जुन्या सोळा-बिटी प्रोग्रॅमांनी विचारले असता ती आपण ३.९५ आहोत असे सांगे. कारण असे, की ३.१ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी असलेल्या पुष्कळ प्रोग्रॅमकर्त्यांनी मुख्य क्रमांक तीन किंवा अधिक आहे काय आणि गौण क्रमांक दहा किंवा अधिक आहे काय, असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले होते, ४.० मधील गौण क्रमांक शून्य, आणि शून्य हे दहापेक्षा लहान, म्हणून चौथी आवृत्ती ३.१ पेक्षा जुनी असा निर्णय ते देत. ३.९५ हा आकडा या सर्व चुकीच्या कसोट्यांना उतरत असे, म्हणून तो पत्करला. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या विंडोज ८.१ ने तर हे धोरणच करून टाकले: ज्या प्रोग्रॅमने आपण ८.१ जाणतो असे आपल्या जाहीरनाम्यात आधी नोंदविले नसेल, त्याला ती आपली आवृत्ती ६.२, म्हणजे विंडोज ८ चीच, सांगू लागली.

प्रत्यक्ष जबानी अशी अविश्वसनीय ठरल्यावर लोक नोंदीकडे वळले, हे ओघानेच आले. विंडोजच्या 'रजिस्ट्री' नावाच्या मध्यवर्ती कोशात स्थापना करणारा प्रोग्रॅम आपल्या कार्याची नोंद करून ठेवितो, आणि गावच्या कुळकर्ण्याच्या दप्तरात ज्याप्रमाणे जमिनीचा धारक हजर नसतानाही त्याच्या हक्काची नोंद पाहता येई, त्याप्रमाणे रनटाइमला न उठविता, न विचारता, त्याचे अस्तित्व या कोशातून कळू शकते. मात्र दप्तराची उपयुक्तता लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असते, आणि मायक्रोसॉफ्टच्या 'डॉट नेट फ्रेमवर्क' या रनटाइमचा इतिहास हा या शिस्तीचा, आणि तिच्या अभावाचाही, उत्तम दाखला आहे.

डॉट नेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००२ मध्ये समारंभपूर्वक प्रसिद्ध झाली, आणि तिच्या कर्त्यांनी दिलेल्या अभिवचनांत डीएलएलच्या नरकातून सुटका हे एक प्रमुख अभिवचन होते: प्रत्येक आवृत्ती आपल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहील, आणि नवी आली म्हणून जुनी बेदखल होणार नाही. त्यानुसार विंडोजच्या पोटात १.०.३७०५, १.१.४३२२, २.०.५०७२७ अशा नावांची फोल्डरे शेजारी शेजारी उभी राहिली. पण दप्तराकडे पाहावे तो पहिल्या आवृत्तीची नोंद 'पॉलिसी' नावाच्या एका शाखेत, आणि १.१ पासून पुढच्यांची 'नेट फ्रेमवर्क सेटअप' या शाखेखालील 'एनडीपी' या उपशाखेत, १.१ व २.० ची खूण 'इन्स्टॉल' या नावाने, तर नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या ३.० ची 'इन्स्टॉलसक्सेस' या नावाने आणि आणखी एक पायरी खाली. त्यात भर अशी, की ३.० आणि २००७ ची ३.५ या नावाने नव्या असल्या, तरी त्यांचा गाभा, म्हणजे प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालविणारा भाग, २.० चाच होता. तेव्हा रनटाइमने स्वतःची ओळख २.० अशी द्यावी आणि ती खोटीही नसावी, असा पेच उभा राहिला. चौसष्ट-बिटी यंत्रांवर बत्तीस-बिटी प्रोग्रॅमला याच कोशातील अनेक शाखांची वेगळीच प्रत दाखविली जाते, हा आणखी एक फाटा. ज्या स्थापनाकारांना पहिल्या आवृत्तीपासून सगळ्यांचा छडा लावावयाचा असे, त्यांना प्रत्येकीसाठी स्वतंत्र तपासाची रीत लिहून ठेवावी लागे, आणि त्या रीती ते जपून एका कामातून दुसऱ्या कामात नेत.

एप्रिल २०१० मध्ये चौथी आवृत्ती आली. तिचे फोल्डर ४.०.३०३१९. यानंतर ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या ४.५ ने मात्र शेजारी राहण्याचा मूळ करारच मोडला: ती ४.० च्या बाजूला न बसता तिच्याच जागी, तिच्याच फोल्डरमध्ये बसली. फोल्डरचे नाव बदलले नाही, आणि रनटाइमला विचारले असता तोही ४.०.३०३१९ असेच सांगे. फरक काय तो शेवटच्या, सहसा कोणी न पाहणाऱ्या भागात. पुढे ४.६ पासून तो भागही ४२००० या एकाच आकड्यावर गोठविण्यात आला, त्यामुळे ४.६ आणि ४.८ यांत रनटाइमच्या जबानीवरून भेद करणे अशक्य झाले. काही कुशल प्रोग्रॅमकर्त्यांनी तेव्हा आडवाट धरली: ४.५ मध्येच प्रथम आलेला 'रिफ्लेक्शनकॉन्टेक्स्ट' हा प्रकार उपलब्ध आहे काय ते पाहावे, असला तर ४.५ आहे असे धरावे. मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेला उपाय याहून सरळ होता. कोशातील 'व्ही४' च्या 'फुल' या शाखेत 'रिलीज' नावाचा एक आकडा लिहिला जाऊ लागला, जो प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर वाढतो आणि ज्याचा आवृत्तीच्या जाहीर नावाशी दृश्य संबंध नाही: ४.५ साठी ३७८३८९, ४.५.२ साठी ३७९८९३. एकाच आवृत्तीला विंडोजच्या निरनिराळ्या पिढ्यांवर निरनिराळे आकडे मिळाले, ४.५.१ चा विंडोज ८.१ वर ३७८६७५, अन्यत्र ३७८७५८. आणि म्हणून अधिकृत मार्गदर्शनात स्पष्ट सांगण्यात आले, की आकडा बरोबर अमुकच आहे काय असे पाहू नये, अमुक किंवा त्याहून अधिक आहे काय असेच पाहावे. डॉसच्या काळात ज्या अविवेकाने सेटव्हरला जन्म दिला, त्यावरचा हा खरा उतारा, आणि तो लिखित नियमाच्या रूपाने मिळण्यास दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

या मधल्या काळात एक असाही प्रयोग झाला, की यंत्राच्या आत जाण्याची गरजच पडू नये. इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे जी स्वतःची ओळख पाठवी, तीत या यंत्रावर डॉट नेटच्या कोणकोणत्या आवृत्त्या आहेत याची यादीही जोडलेली असे. हेतू असा, की संकेतस्थळाला पाहुण्याजवळ रनटाइम आहे की नाही हे आधीच कळावे. परंतु आपल्या घरातील सामानाची यादी प्रत्येक अनोळखी दारावर वाचून दाखविणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २००९ मध्ये डॉट नेटच्या एका सुधारणेने फायरफॉक्स या परक्या ब्राउझरमध्येही आपले एक जोडसाधन घातले, जे तेथील ओळखीतही डॉट नेटची नोंद करी आणि जे काढून टाकण्याची नेहमीची सोय आरंभी बंद होती. त्यावर वापरणाऱ्यांनी तीव्र तक्रारी केल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फायरफॉक्सच्या कर्त्या मोझिलाने सुरक्षेच्या कारणास्तव ते काही काळ रोखून धरले. मार्च २०११ मधील इंटरनेट एक्स्प्लोररच्या नवव्या आवृत्तीने ती लांबलचक यादी बाहेर पाठविणे बंद केले. ते योग्यच झाले.

जावा या भाषेची कहाणी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. सन कंपनीच्या या भाषेची २००४ मधील आवृत्ती लोकांत पाचवी म्हणून मिरवली, पण तिच्या रनटाइमला विचारले तर तो १.५ सांगे, आणि हा दुहेरी कारभार आठव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १.८ पर्यंत, चालला. २०१० च्या आरंभी सन कंपनी ओरॅकलकडे गेली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सहाव्या आवृत्तीच्या एकविसाव्या सुधारणेत रनटाइमच्या फाइलवरील कंपनीचे नाव बदलण्यात आले. आता एक्लिप्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचे लोकप्रिय साधन विंडोजवर नेमके ते नाव वाचून समोरचा रनटाइम सनचा आहे हे ओळखीत असे, व तसे असल्यासच त्याला अधिक स्मृती घेण्याची खास सूचना देत असे. नाव बदलले म्हणून ती सूचना दिली गेली नाही, आणि एक्लिप्स स्मृती अपुरी पडून कोसळू लागले. ओरॅकलने अखेर फाइलवर जुने नाव पुन्हा घातले. यंत्रात तिळमात्र बदल झालेला नसताना केवळ पाटी बदलल्याने एवढी उलथापालथ झाली, हे या व्यवसायातील प्रत्येकाने ध्यानी धरावे असे उदाहरण आहे.

आपल्याकडील लोकांना जावाच्या आवृत्तीची ओळख झाली ती बहुधा शासकीय कामकाजातून. ठेकेदारांच्या निविदा संगणकावरून भरल्या जाऊ लागल्या आणि त्यांवर डिजिटल स्वाक्षरी करणे आले. ती स्वाक्षरी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावाच्या साहाय्याने होई. आयकर विवरणपत्रे भरण्यासाठी खात्याने दिलेल्या साधनाचे एक रूपही जावावरच चाले. त्यामुळे संगणकशास्त्राशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा तालुक्याच्या गावच्या करसल्लागारांना आणि ठेकेदारांच्या कारकुनांना, मुदत टळण्याच्या आदल्या सायंकाळी, आपल्या यंत्रावर कोणता जावा आहे याचा शोध घ्यावा लागे. त्यांच्यापुरता हा प्रश्न पांडित्याचा नव्हता. अनामत रक्कम आणि दंड यांचा होता.

सप्टेंबर २०१७ मध्ये जावाची नववी आवृत्ती आली आणि आरंभीचा एक गळून क्रमांक सरळ ९ झाला; ज्यांनी 'एक' आणि 'टिंब' गृहीत धरून पुढचा आकडा उचलण्याची सवय लावून घेतली होती, त्यांचे तपास फसले. पायथन या भाषेत २०२१ साली ३.१० आली तेव्हा आवृत्तीच्या मजकुराची पहिली तीन अक्षरे कापून घेणाऱ्यांना ती ३.१ वाटली. दोन्ही ठिकाणी मूळ चूक एकच: आवृत्ती हा अंकांचा क्रम आहे हे विसरून तिला अक्षरांची ओळ मानणे. या सर्वांवर एक मूलगामी तोडगा १९९१ सालीच डेव्हिड मॅकेन्झी यांच्या 'ऑटोकॉन्फ' या साधनाने सुचविला होता. आवृत्ती विचारूच नये, आपल्याला हवे ते काम ही यंत्रणा करू शकते काय हे लहानसा प्रयोग करून प्रत्यक्ष पाहावे, हे त्याचे तत्त्व, आणि युनिक्स या कार्यप्रणालीच्या परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक शाखांवर ते उत्तम लागू पडले. तत्त्व म्हणून ते मला श्रेष्ठ वाटते. तथापि स्थापनाकाराची गरज निराळी असते: रनटाइम यंत्रावर मुळीच नसेल तर प्रयोग करणार कशावर? त्याला दप्तरच पाहावे लागते.

डॉट नेटच्या कर्त्यांनी नवी शाखा आरंभिली तेव्हा या साऱ्या अनुभवाचा लाभ घेतलेला दिसतो. जून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉट नेट कोअरमध्ये प्रत्येक आवृत्ती पुन्हा आपापल्या फोल्डरमध्ये राहू लागली. २०१८ च्या २.१ पासून 'लिस्ट-रनटाइम्स' हा पर्याय देऊन यंत्रावरच्या सगळ्या रनटाइमांची यादी मागता येते; प्रोग्रॅमबरोबरच्या एका छोट्या फाइलमध्ये त्याची गरज लिहिलेली असते, आणि ती वाचून योग्य आवृत्ती निवडण्याचे काम रनटाइमचा यजमानच करतो. एवढेही नको असेल तर प्रोग्रॅमने आपला रनटाइम पाठीवर घेऊन हिंडावे, अशीही मुभा आहे. जागा अधिक लागते, पण कोणाला काही विचारावे लागत नाही. पहिल्या अभिवचनाची खरी पूर्तता, माझ्या मते, येथे झाली.

जुनी शाखा मात्र संपलेली नाही. ऑगस्ट २०२२ मधील ४.८.१ नंतर तिच्यात नवी आवृत्ती आलेली नसली, तरी विंडोजबरोबर ती आजही येते, आणि बँका, कारखाने व कचेऱ्यांतील किती तरी प्रोग्रॅम तिच्यावरच उभे आहेत. अशा प्रोग्रॅमांची स्थापना ज्यांच्याकडे आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे, की त्यांनी फोल्डरच्या नावावर जाऊ नये आणि रनटाइमच्या जबानीवरही विसंबू नये. कोशातील 'रिलीज' हा आकडा वाचावा, आणि ४.८ हवी असल्यास तो ५२८०४० किंवा त्याहून अधिक आहे काय, इतकेच पाहावे.